सेल्फ दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? मुंबईत स्टार्टर मोटरचा खर्च ठरवण्याची पद्धत

जुलै २०२४ मधल्या एका पावसाळी सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून फक्त एक ‘खट्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. वॉचमन म्हणाला, “बॅटरी गेली, साहेब.” मलाही ते पटले आणि त्याच दिवशी ५,२०० रुपयांची नवी बॅटरी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘खट्’. मग एका सर्व्हिस सेंटरने ‘सेल्फ पूर्ण बदलावा लागेल’ असे सांगून ११,८०० रुपयांचा अंदाज हातात ठेवला, आणि परळच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने तेच दुखणे १,९०० रुपयांत बरे केले. सतरा महिन्यांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, मला नवा सेल्फ घ्यावाच लागला. पण तोवर काय विचारायचे आणि कशाचे पैसे द्यायचे हे कळलेले असल्याने तो ७,६९८ रुपयांत बसला. जे पहिल्यांदाच या भानगडीत सापडले आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंजिन सुरू करण्यासाठी त्याला पहिल्यांदा फिरवणाऱ्या मोटरला गॅरेजमध्ये ‘स्टार्टर मोटर’ असे कोणी म्हणत नाही. तिला ‘सेल्फ’ म्हणतात. ‘गाडी सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ फिरतो पण पकडत नाही’, ‘सेल्फ जाम आहे’ ही तीन वेगवेगळी लक्षणे आहेत आणि त्यांचा खर्चही वेगवेगळा आहे. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या साध्या गाड्यांना हे सारे लागू पडते. विद्युत गाडीत असा सेल्फ नसतो, आणि पूर्ण हायब्रिड गाडीत इंजिन फिरवण्याचे काम मोठी विद्युत मोटरच करते.

१. आवाज ऐका आणि लिहून ठेवा

किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा प्रवाह सोलेनॉइडकडे, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचकडे जातो. सोलेनॉइड आतला दांडा ओढतो, त्यासरशी बेंडिक्सचा (मोटरला इंजिनाशी जोडणाऱ्या भागाचा) लहान दातेरी गिअर पुढे सरकून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये अडकतो, आणि त्याच क्षणी तांब्याचे जाड संपर्क जुळून मोटर फिरू लागते. या साखळीतली नेमकी कोणती कडी तुटली आहे, ते आवाजावरून बरेचसे समजते.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असते. एकच ठाम ‘खट्’ आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव मोठा. मोटर ‘घुंऽऽ’ करून मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा दोष बेंडिक्सचा असतो. दात घासल्यासारखा करकर आवाज आला, तर पुन्हा सेल्फ मारू नका, कारण तो आवाज रिंगचे दात खात असल्याचा असू शकतो आणि रिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अजिबात आवाजच आला नाही, तर फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, क्लच पेडलचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि यांतले एकही सेल्फच्या किमतीचे काम नाही.

दोष येतो-जातो अशा गाडीची मोबाइलवर ध्वनिफीत करून ठेवा. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर नेमकी पहिल्याच फटक्यात सुरू होणे, हा अशा गाड्यांचा स्वभाव असतो.

२. बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका

माझे ५,२०० रुपये या पायरीवर गेले. लॅमिंग्टन रोडवर साधारण ४०० रुपयांना साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो मी नंतर घेतला, आधी घ्यायला हवा होता. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला, तर ती पूर्ण भरलेली आहे असे समजा, १२.२ किंवा त्याहून कमी असेल, तर ती निम्म्यावर आली आहे. यानंतरची चाचणी अधिक महत्त्वाची आहे. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे बघा. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली कोसळला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर आतून अडकून भरमसाट प्रवाह ओढत आहे. उलट ‘खट्’ आवाज आला तरी आकडा १२च्या वरच राहिला, तर प्रवाह मोटरमधून जातच नाही, म्हणजे दोष ब्रशमध्ये, सोलेनॉइडच्या संपर्कात किंवा वायरीत आहे. माझ्या गाडीत नेमके हेच घडत होते आणि ते दोन मिनिटांत समजले असते.

मल्टिमीटर नसेल, तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर बॅटरी किंवा जोडण्यांकडे आधी बघा. दिवे जसेच्या तसे राहिले तर सेल्फकडे.

समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक जागा तपासायला हवी. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी बोल्टपाशी हिरवी-पांढरी होऊन सडते, आणि मग नवा सेल्फ घातला तरी तो दमल्यासारखा फिरतो. पट्टी साफ करून किंवा बदलून घ्यायला दोन-चारशे रुपये पुरतात.

बाहेरून बसवलेला चोर-अलार्म असेल, तर मेकॅनिकला ते आवर्जून सांगा. असे अलार्म सेल्फकडे जाणारी वायर मध्येच तोडून तिथे आपला रिले बसवतात, आणि तो गंजला की गाडी अगदी सेल्फ गेल्यासारखी वागते. आमच्याच इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी त्यापायी नवा सेल्फ घेतला, आणि जुना आजही त्यांच्या गॅलरीत चांगल्या अवस्थेत पडून आहे.

३. गाडी हलवण्यापूर्वी कागद काढा

स्टार्टर मोटर कंपनीच्या वॉरंटीत आणि बहुतेक वाढीव वॉरंटीतही येते, त्यामुळे गाडी मुदतीत असेल तर बाहेरच्या माणसाला सेल्फ उघडू देऊ नका. सील तुटलेला दिसला की दावा अडतो. विम्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज या गोष्टी मोटर विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत वगळलेल्या असतात. तुम्ही रस्त्यावरील मदतीचे जादा कलम घेतले असेल, तर गॅरेजपर्यंतचे टोचन फुकट मिळू शकते, आणि तेही थोडेथोडके नाही.

सोबत ठेवायच्या वस्तू अशा:

– आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरच्या चासी क्रमांकावरून नेमका पार्ट क्रमांक काढता येतो.
– वॉरंटीची पुस्तिका आणि सर्व्हिसच्या नोंदी.
– विमा पॉलिसी आणि त्यावरचा मदतीचा फोन क्रमांक.
– बॅटरीची पावती आणि वॉरंटी कार्ड.
– जुन्या सेल्फवरच्या लेबलाचा स्पष्ट फोटो, लेबल दिसत असेल तर.
– दहा नंबरचा पाना, मल्टिमीटर आणि टॉर्च.

गॅरेजपर्यंत जाण्यासाठी मॅन्युअल गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू करता येते. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारण्याच्या फंदात पडू नका. पान्याच्या मुठीने सेल्फवर हलकेच ठोकले की झिजलेले ब्रश क्षणभर टेकतात आणि गाडी सुरू होते, ही जुनी युक्ती खरी आहे. पण आजच्या अनेक सेल्फमध्ये कायम चुंबक चिकटवलेले असतात आणि जोरात ठोकल्यास ते तडकतात. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर मात्र सेल्फ मारायचाच नाही. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल आणि तुम्ही इंजिन फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि त्या खर्चापुढे सेल्फची किंमत किरकोळ ठरते.

४. ‘सेल्फ गेला’ हे निदान मानू नका. तो उतरवून टेबलावर उघडायला सांगा

अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा सेल्फ उघडत नाही. पूर्ण पार्ट बदलते. त्यात लबाडी असतेच असे नाही, त्यांची कामाची रीतच तशी असते. उघडण्याचे काम ऑटो इलेक्ट्रिशियन करतो, आणि मुंबईच्या जवळपास प्रत्येक गॅरेज-गल्लीत असा एक तरी माणूस बसलेला असतो.

परळच्या काकांनी माझा सेल्फ उतरवला, वर्तमानपत्र अंथरले, मागचे दोन लांब बोल्ट सोडवून झाकण काढले आणि तो कागदावर उपडा केला. काजळीसारखी काळी भुकटी कागदावर पडली. “हे तुमचे ब्रश,” ते म्हणाले. चारांपैकी दोन ब्रश इतके झिजले होते की मागची स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या फिरत्या गोलावर, दाबूच शकत नव्हती. त्यांनी नवे ब्रश घातले, कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, त्याच्या खाचांतली घाण हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने काढली, दोन्ही बुश (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) बदलले आणि सोलेनॉइडही नवे लावले. मग सेल्फ पायाखाली दाबून धरून जंपर केबलने बॅटरी दिली. पायाखाली का, हे फिरण्याचा पहिला झटका पाहिल्यावर कळले. नुसता जमिनीवर ठेवला असता तर तो दुकानाबाहेर उडाला असता.

तुमच्या समोर झालेली ही टेबलावरची चाचणी हाच खरा पुरावा. तिच्यात आर्मेचरचे (मोटरच्या फिरत्या भागाचे) वाइंडिंग, म्हणजे तारांचे वेटोळे, जळालेले निघाले, करपलेला वास आला किंवा पुढचे तोंड फुटलेले दिसले, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. सेल्फ तेलाने माखलेला निघाला, तर तेल कुठून गळते ते आधी शोधा. वरून इंजिन ऑइल ठिबकत राहिले तर नवा सेल्फही त्याच वाटेने जाईल. आणि सेल्फ बाहेर आहे तोवर त्याच्या भोकातून टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवून रिंगचे सगळे दात बघून घ्या. मेकॅनिक कंटाळा करतात, तरी हे करून घ्या.

५. दुरुस्त, रिकंडिशन आणि नवा: तिन्ही दर वेगवेगळे मागा

लहान पेट्रोल गाडीसाठी मुंबईत फिरून मला मिळालेले दर पुढे देत आहे. तुमच्या गाडीनुसार आणि दिवसानुसार ते बदलतील. पण कोणता दर कोणाच्या शेजारी बसतो, हे यावरून समजेल.

– ब्रश, बुश आणि सफाई: ५०० ते १,००० रुपये, मजुरीसह.
– सोलेनॉइड: ६०० ते १,५०० रुपये.
– बेंडिक्स: ५०० ते १,२०० रुपये.
– जुना सेल्फ देऊन रिकंडिशन केलेला, म्हणजे दुसऱ्या कोणाचा जुना सेल्फ दुरुस्त करून विकायला ठेवलेला: १,८०० ते ३,००० रुपये.
– बाजारातला दुसऱ्या कंपनीचा नवा: ३,५०० ते ५,५०० रुपये.
– गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला नवा: ५,५०० ते ९,००० रुपये.

डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्याने त्याचा सेल्फ अधिक ताकदीचा असतो आणि खर्च दीडपट ते दुप्पट धरावा. सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांचा सेल्फ अधिक वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या जागी साधा, स्वस्त सेल्फ बसवून घेऊ नका.

माझे मत सांगतो. गाडी आठ-दहा वर्षांची आहे, दोष ब्रश किंवा सोलेनॉइडपुरता आहे आणि करणारा माणूस विश्वासाचा आहे, तर दुरुस्ती उत्तम. रोज पहाटे विमानतळाचे भाडे असेल किंवा घरात डायलिसिसला नेण्याचा रुग्ण असेल, तर नवा घ्या. रिकंडिशनच्या मात्र मी वाटेला जात नाही. आपला सेल्फ आपल्यासमोर उघडला तर आत काय घातले ते दिसते. रंग मारून चकचकीत केलेल्या परक्या सेल्फच्या आत काय आहे, ते देणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. घ्यायचाच झाला तर किमान सहा महिन्यांची लेखी हमी घ्या, आणि जुना सेल्फ परत दिल्याची वजावट किती ते आधी विचारा. त्यात तांबे असते, त्यामुळे तो फुकट सोडून देण्यासारखा नसतो.

६. पार्ट कुठून घ्यावा

कंपनीचा पार्ट अधिकृत वितरकाकडून, चासी क्रमांक देऊन घेणे सर्वांत सोपे. त्याशिवाय कुर्ला-कलिनाचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसजवळची जुनी पार्टची दुकाने आहेत, आणि भाव तिथेच समजतो. ल्युकास टीव्हीएस, व्हॅलिओ, डेन्सो यांसारख्या उत्पादकांचे सेल्फ मूळ गाड्यांतही बसतात, त्यामुळे तुमच्या जुन्या सेल्फवर ज्याचे नाव आहे त्याच उत्पादकाचा सेल्फ त्याच्याच खोक्यात मिळाला, तर मालात तडजोड न होता पैसे वाचू शकतात. दुकानात जुना सेल्फ सोबत न्या आणि बोल्टची छिद्रे, पुढच्या गिअरचे दात आणि वायरीचे सॉकेट शेजारी ठेवून मोजा. एका दाताचा फरक पडला तरी रिंगचे वाटोळे होते.

चोर बाजार किंवा भंगारातला सेल्फ स्वस्त असतो; तो घेणाऱ्याने तिथेच बॅटरी लावून फिरवून घ्यावा, यापलीकडे मी काही सांगणार नाही.

७. मजुरी गाडीच्या रचनेवर ठरते

सेल्फ वरून हाताला लागत असेल, तर काम पाऊण तासाचे आहे आणि ५०० ते ८०० रुपये रास्त आहेत. काही गाड्यांत तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो किंवा गाडी वर उचलून खालचे पत्रे काढावे लागतात. तिथे १,५०० ते २,५०० मागितले तर लगेच लुबाडणूक समजू नका. ‘तुमच्या गाडीत सेल्फपर्यंत पोहोचायला काय काय काढावे लागेल?’ एवढेच विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

स्वतः काम करणार असाल तर बॅटरीचे ऋण टोक सर्वांत आधी काढा आणि सर्वांत शेवटी लावा. सेल्फकडे जाणारी जाड वायर बॅटरीच्या धन टोकाला सरळ जोडलेली असते. पाना तिला आणि बॉडीला एकाच वेळी टेकला तर तिथेच वेल्डिंग होते.

८. अंदाजपत्रक आणि बिल वाचायला शिका

काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाज घ्या आणि त्यात पार्ट क्रमांक, पार्टची किंमत, मजुरी आणि कर हे चार आकडे वेगळे लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. कोणी जुन्या दराने हिशेब केला तर तिथेच थांबवा.

सर्वांत मोठी फसगत एमआरपीवर होते. खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. माझ्या नव्या सेल्फची एमआरपी ६,४०० रुपये होती आणि पहिल्या गॅरेजने मला ‘६,४०० अधिक जीएसटी’ असा दर सांगितला, म्हणजे १,१५२ रुपये विनाकारण जादा. बिलात कर वेगळा दाखवायचा तर ५,४२४ रुपये मूळ किंमत आणि ९७६ रुपये कर, अशी मांडणी होते आणि बेरीज ६,४००च येते. त्यावर मजुरी १,१०० आणि तिच्यावरचा १८ टक्के कर १९८. असे एकूण ७,६९८. पार्ट नवा असेल तर रिकामे खोके मागून घ्या, एमआरपीचे लेबल त्यावरच असते.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही तडजोड सेल्फच्या बाबतीत महागात पडते. नवा सेल्फ चार महिन्यांत बंद पडला, तर पक्क्या पावतीशिवाय हमी सिद्ध करता येत नाही; पावती असेल तर दुकानदाराशी बोलता येते, आणि त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पावतीवर सेल्फचा अनुक्रमांक, तारीख आणि हमीचे महिने हाताने का होईना, लिहून घ्या. जुना सेल्फ परत मागण्याचेही विसरू नका, कारण तो मागितल्यावर चेहरा पडला तर बदललेला भाग खरोखर बदलला का, याची शंका घ्यायला जागा असते.

९. गाडी ताब्यात घेताना

इंजिन थंड असताना तीनदा आणि पंधरा मिनिटे गाडी चालवून गरम झाल्यावर तीनदा सेल्फ मारून बघा, कारण कमजोर वाइंडिंग बहुधा गरम झाल्यावरच दगा देते. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. इंजिनाने पकड घेतली नाही, तर अर्धा-एक मिनिट थांबा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा आहे ना, तेही बघा, नाहीतर अल्टरनेटरच्या (गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या) दोषाने उतरलेली बॅटरी पुन्हा सेल्फवर आळ आणेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक ठरवतो. तिथे आकडा याहून कमी-जास्त दिसला, तर दिवे आणि एसी लावून पुन्हा मोजा. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ, रेडिओ आणि आपोआप वर जाणाऱ्या काचांची सेटिंग पुसली जाते, ती गॅरेजमध्येच करून घ्या. आठवड्याभराने सेल्फचे दोन बोल्ट आणि वायरीचे नट पुन्हा एकदा घट्ट करवून घ्यायचे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि परळच्या काकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त कटिंग चहा सांगायला लावला.